सुपभर ज्वारीला घेतलेली

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून ठेवतो. सदतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केली, पोरांना मारलं कमी आणि वरच्या साहेबांशी भांडलो जास्त. आता रिटायर होऊन जालन्यात, मस्तगडला पोराकडं राहतो. खाली भांड्यांचं दुकान, वर आम्ही. दुपारची झोप लागत नाही, मंग बसल्या बसल्या गावाकडची माणसं डोळ्यांपुढं येतात. सगळ्यात जास्त येते ती कडू. कडूबाई. तिला जाऊन दोन वर्षं झाली. माझी बहीण. म्हणजे होती, मंग कागदावर नव्हती, आणि ते कागदावरचं काम मी माझ्या हातानं केलं. तेच सांगायचंय.

आमचं गाव आष्टीपासून तीन कोसांवर. वडील पुंजाराम, वीस एकर काळं रान. आई झुंबरबाई, तिला मी माय म्हणायचो. लेकरू मी एकटाच. दर साल दिवाळी झाली की धुळाजी धनगर मेंढरं घेऊन आमच्या रानात उतरायचा. रानाला खत व्हावं म्हणून मेंढरं बसवायची आणि त्याला ज्वारी द्यायची, ही वडिलांच्या वडिलांपासूनची रीत. धुळाजीची बायको आशाबाई. तिची तीन लेकरं वर्षाच्या आतच गेल्ती. चौथं आमच्या रानात, बाभळीच्या बुडाला, पालात झालं. पोरगी. मी तेव्हा वर्षाचा असेन.

ज्या घरात लेकरं जगत नाहीत त्या घरानं लेकरू विकायचं, असं आमच्याकडं होतं. खरंखुरं विकायचं नाही हो, रीतीनं विकायचं. पाचवीच्या दिवशी, सटवाई नशीब लिहायला यायच्या आधी, आशाबाईनं पोरगी उकिरड्यावर ठेवली आणि तोंड फिरवून बसली. माझी माय गेली, पोरगी सुपात उचलली आणि सुपभर ज्वारी आशाबाईच्या पदरात ओतली. म्हणाली, "उकिरड्यावर सापडली, मी विकत घेतली, आता ही माझी." नाव ठेवलं कडू, म्हणजे कुणी तोंड लावू नये. सटवाईला वाटावं की हे धुळाजीचं लेकरूच नाही आणि तिनं पुढच्या गावाला जावं. मंग आशाबाईनं दूध पाजायचं ते 'झुंबरबाईची लेक सांभाळून राह्यले' असं म्हणत. पुढं पोरीचं लगीन निघालं की खऱ्या आईबापानं सुपभर ज्वारी आणि लुगडं आणून तिला परत घ्यायची आणि मंग मांडवात उभी करायची. तवर ती विकत घेणाराची.

तर कडू जगली. पण तीन वर्षांची असताना एका तापात दोन्ही पायांतनं वारं गेलं. पोलिओ हा शब्द आम्हांला लई मागून कळला. धनगराचं आठ महिने चालणं, आणि ही पोरगी तर उभी राहीना. धुळाजीनं एक साल तिला घोड्यावर बांधून नेऊन बघितलं. दुसऱ्या सालाला आमच्या ओसरीवर आणून ठेवली आणि म्हणाला, "झुंबरबाई, तुमची चीज तुम्हीच सांभाळा." हसत म्हणाला. माघारी फिरल्यावर मात्र बांधापर्यंत डोळे पुसत गेला. माय म्हणाली, "माझीच हाय, तू काय सांगतो मला?"

शाळेत आम्हां दोघांचं नाव एकाच दिवशी घातलं. हेडमास्तर निजामाच्या वक्ताचे, टोपीवाले, बोलणं अर्धं उर्दू. ते वडिलांना म्हणाले, "पोरीच्या बापाचं नाव बराबर सांगा." वडील अडखळले. तेवढ्यात दारातून मायचा आवाज आला. माय कधी शाळेच्या वाटेला गेल्ती नाही, त्या दिवशी मागं मागं आल्ती. म्हणाली, "पुंजाराम लिव्हा. त्या कागदावर दुसरं नाव आलं तर माझ्यासारखी वाईट कुणी न्हाई." तिचा हिशेब सरळ होता. धुळाजीचं नाव कुठं लिहिलं गेलं की सटवाईला माग लागणार. हेडमास्तरांनी हात टेकले आणि लिहिलं, कडूबाई पुंजाराम.

चार वर्षं मी तिला पाठीवर घेऊन शाळेत नेली. ती माझा कान धरायची. डावा ओढला की डावीकडं, उजवा ओढला की उजवीकडं, आणि दोन्ही ओढले की कुत्रं आलंय, पळ. पाढे तिला माझ्या आधी पाठ व्हायचे. गणित अडलं की ती मागून माझ्या कानात उत्तर सांगायची, आणि मास्तर मला शाबासकी द्यायचे. मास्तरकीच्या लायकीची ती होती, लागलो मी. पाचवीची शाळा आष्टीला. तीन कोस तिला पाठीवर न्यायची माझ्यात ताकद नव्हती, आणि सायकल घरात आली तवर तिचं वय गेल्तं. याचं मला आजही वाईट वाटतं. कुणी म्हणतं त्याला इलाज नव्हता, असेल, पण वाईट वाटतंच.

मंग ती वाकळा शिवायला लागली. जुनी लुगडी, धोतरं थरावर थर लावून शिवलेली गोधडी, तिला आम्ही वाकळ म्हणतो. कडूचा टाका एवढा बारीक की आष्टीच्या बाजारातनं लोक कपडा घेऊन यायचे. घरात, अंगणात ती हातावर सरकत फिरायची, हातात रबरी चपला घालून. नव्या चपला घेतल्या की मी म्हणायचो, "पायात घालायच्या असत्यात त्या." ती म्हणायची, "मास्तर, तुमच्या पायानं काय दिवे लावले? वर्गात खुर्चीवरच बसता ना दिवसभर." तिचं तोंड असं होतं. मला गावात कुणी उलट बोलत नसे, ती सोडून.

वडील एकोणनव्वद साली गेले. ब्याण्णव साली ग्रामपंचायतीत कळलं, की अपंग आणि निराधार माणसाला सरकार दर महिन्याला काही देतं. लोक त्याला निराधारचा पगार म्हणायचे. कडूनं मला शाळेतून आल्या आल्या धरलं. "माझा अर्ज कर."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "निराधार? मी मेलोय का?"

"तू हायेस की."

"मंग तुला कमी काय पडलं?"

तिनं सुई वाकळंत खोचली. "माय हाय तवर काहीच न्हाई. मायच्या माघारी मी कुणाच्या दारात बसू? दातवण पायजे, चहापत्ती पायजे, तर वहिनीच्या तोंडाकडं बघावं लागतंय. वहिनी वाईट न्हाई, भुजंग. पण बघावं लागतंय ना."

वहिनी म्हणजे माझी बायको उषा. मनानं वाईट नाहीच, पण तोंडाला लगाम नाही, आणि ते मला कडूपेक्षा जास्त माहीत. दुसऱ्या दिवशी अर्जाचा कागद आणला.

अर्जाला दोन गोष्टी मुख्य. एक, पाय गेल्याचा डॉक्टरचा दाखला. तो जालन्याच्या सरकारी दवाखान्यात एका दिवसात मिळाला, डॉक्टरांनी नुसतं बघितलं आणि लिहिलं. दुसरी, माणूस पंधरा वर्षांपासून महाराष्ट्रात राहतो याचा पुरावा. ग्रामसेवकानं दाखला दिला, मी तो न वाचता घेऊन तहसीलीत गेलो. तिथं रामराव नावाचे अव्वल कारकून होते. नाकावर चष्मा, कानात अत्तराचा फाया, सावकाश बोलणारे. त्यांनी दाखला वाचला आणि मला विचारलं, "गुरुजी, जालना जिल्हा होऊन किती वर्षं झाली?"

"एक्क्याऐंशीच्या महाराष्ट्र दिनाला झाला. अकरा वर्षं."

"मंग ही बाई पंधरा वर्षांपासून जालना जिल्ह्यात कशी राह्यली?"

ग्रामसेवकानं 'महाराष्ट्रात'च्या जागी 'जालना जिल्ह्यात' लिहिलं होतं. त्याआधी आमचं गाव परभणी जिल्ह्यात. घर तेच, रान तेच, एका दिवसात जिल्हा बदललेला. मी पोरांना भूगोल शिकवणारा माणूस, आणि कारकुनानं माझा भूगोल काढला. कुणावर ओरडायचं तेच कळेना. माघारी येऊन दाखला बदलून घेतला.

दुसऱ्या खेपेला मी तयारीनं गेलो. शाळेचा दाखला, रेशन कार्ड, तीन निवडणुकांच्या मतदार याद्या. सगळा गठ्ठा रामरावांपुढं ठेवला आणि छाती काढून बसलो. त्यांनी एकेक कागद वाचला. म्हणाले, "रहिवासाचं काम झालं. एवढा पक्का पुरावा मी आजवर बघितला न्हाई." माझा जीव भांड्यात पडला. मंग ते म्हणाले, "पण सगळीकडं लिहिलंय कडूबाई पुंजाराम. पुंजारामच्या नावावर वीस एकर. भाऊ मास्तर. ही निराधार कशी, गुरुजी?"

"ती माझी सख्खी बहीण न्हाई."

"मंग हे कागद?"

मी त्यांना उकिरडा, सूप, सटवाई, सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांच्या थोरल्या भावाचं नाव दगडू होतं, असं म्हणाले. पण हे रकान्यात कुठं लिहू, असंही म्हणाले. हे कागद मागं घ्यावेत तर कडू कुठं राहते याचा पुरावा संपला. गावच्या जन्माच्या रजिस्टरात ती नव्हतीच, रानात उतरलेल्या धनगरांची नोंद गाव कशाला करतंय? आणि कागद ठेवावेत तर ती जमीनदाराची लेक. शेवटी रामरावांनीच वाट काढली. खऱ्या बापानं साहेबांपुढं जबाब द्यायचा की ही माझी. झुंबरबाईनं जबाब द्यायचा की ही माझी नाही, नुसतं सांभाळली, जमिनीत हिचा हक्क नाही. भावानंही तसंच सांगायचं. तीन जबाब आले की बाकी कागद रहिवासाला चालतील. पगार मंजूर करणाऱ्या समितीची बैठक वीस दिवसांवर होती. ती हुकली तर पुढची कधी, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

धुळाजी आमच्या रानात यायचा बंद होऊन सात-आठ वर्षं झाल्ती. कळप आता त्याचा पोरगा बिरू बघायचा. कडूच्या पाठचा तो. मी रजा टाकली आणि शोधायला निघालो. घनसावंगीला उतरलो, तिथून जीपमध्ये उसाच्या मजुरांच्या मांडीवर बसून गोदावरीच्या काठाकाठानं फिरलो. चहाच्या टपरीवर, पिठाच्या गिरणीवर एकच विचारायचं, धुळाजीची मेंढरं कुणाच्या रानात बसली? तिसऱ्या दिवशी सापडला. कापूस उपटलेल्या रानात कोकरांची राखण करत बसला होता. आशाबाई गेल्ती. तो पार वाळला होता, पण मला आवाजावरून ओळखलं. कडूचं विचारताना मात्र त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "येतो की. पण मास्तर, विकलेली चीज माझी म्हणू कशी? झुंबरबाईनं परत दिली तर म्हणीन. तिला इचारलं का?"

मी विचारलं नव्हतं. मला वाटलं त्यात विचारायचं काय?

घरी येऊन मायला सांगितलं. ती जात्यापाशी बसली होती. म्हणाली, "माझी न्हाई म्हणू? चारचौघांत? सरकारी कागदावर?"

"नुसतं म्हणायचंय, माय."

"नुसतं म्हणूनच ती जगली. नुसतं म्हणलं म्हणून जगते, तर नुसतं म्हणलं म्हणून मरायची न्हाई का?"

मी शिकलेला माणूस, मी आरडाओरडा केला. अंधश्रद्धेवर वर्गात देतो ते भाषण सगळं तिला दिलं. ती जात्यावर हात ठेवून ऐकत राह्यली आणि शेवटी म्हणाली, "झालं का? जेवून घे." असे सहा दिवस गेले. बैठक आठवड्यावर आली.

मंग मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. मी घरीच जबाब लिहून काढला. म्हणलं, अंगठा घेऊन रामरावांच्या हातापाया पडावं, की म्हातारीला आणत नाही, एवढ्यावर भागवा. मायला म्हणालो, वडिलांच्या जमिनीच्या फेरफाराचा कागद आहे, अंगठा दे. तिनं विश्वासानं अंगठा पुढं केला. मी शाई लावली. कडू ओसरीवर वाकळ शिवत होती. तिनं मान वर केली नाही, तिथूनच म्हणाली, "माये, थांब. भुजंग, काय लिव्हलंय ते वाचून दाखव तिला."

"फेरफार हाय."

"मी चौथी शिकलेय. आण इकडं, मी वाचते."

वाचावं लागलं. सदर कडूबाई ही माझी मुलगी नसून तिचा व माझा कोणताही नातेसंबंध नाही. माझ्याच अक्षरात. मायनं ऐकलं, अंगठा लुगड्याला पुसला आणि आत गेली. चार दिवस माझ्याशी बोलली नाही. कडू मात्र बोलली. "पगार मला पायजे, भुजंग. पण मायला फसवून आलेला मला गिळायचा न्हाई." तिनं तो कागद फाडून चुलीपुढं टाकला, जाळायला कामी येईल म्हणून.

त्या संध्याकाळी ती स्वतः मायपाशी सरकत गेली. मी अंगणात होतो, मला ऐकू येत होतं. ती म्हणाली, "माये, मला परत द्यायची रीत कधीची असती?"

"लगनाची."

"माझं लगीन झालं न्हाई, म्हणून मी इथंच राह्यले. सगळ्या पोरी दिल्या घरी गेल्या. मी एकटीच एकेचाळीस वर्षं अर्ध्यात."

आत मायनं चुलीत लाकूड सारल्याचा आवाज आला.

"तू मला जगवायला घेतली. जगले ना मी? आता केस पिकले. सटवाईनं आता नेलं तरी लेकरू नेलं असं कुणी म्हणायचं न्हाई. मला तू फेकून देऊ नको, रीतीनं दे. लगनात देत्यात तशी."

मंग मायचं रडणं ऐकू आलं, आणि मागून कडूचा आवाज, "रडते कशाला, नवरदेव सरकार हाय, हुंडा मागत न्हाई, उलटा देतोय." रडता रडता माय हसली. मी अंगणात तोंड धुवायचं निमित्त करून उभा राह्यलो, कारण माझंही तोंड ओलं झाल्तं.

मी निरोप धाडला आणि दोन दिवसांत धुळाजी आणि बिरू आले. बिरूच्या डोक्यावर सूप, सुपात ज्वारी, वर हिरवं लुगडं. गल्लीतल्या बाया जमल्या. कडूला हळद लावली नाही, पण नवं लुगडं नेसवलं, आणि शेजारच्या कौसल्याकाकीनं हौसेनं तिच्या केसांत शेवंती खोचली. धुळाजीनं ज्वारी मायच्या पदरात ओतली. अर्धी खाली सांडली. तो म्हणाला, "माझी चीज मला द्या." मायनं कडूचा हात उचलला, त्यातली रबरी चप्पल काढली आणि तो हात त्याच्या हातात ठेवला. म्हणाली, "जित्ती दिली, धुळाजी. बघून घे." बापलेकीनं एकमेकांकडं बघितलं. आयुष्यात सगळे मिळून किती दिवस ते एकत्र राह्यले असतील? धुळाजी म्हणाला, "तुझ्या मायसारखी दिसती गं तू." त्याला दुसरं काही सुचलं नसावं.

बैठकीच्या दिवशी जीप करून आम्ही सगळे तहसीलीत गेलो. नायब तहसीलदार पोरसवदा होते, आवाज मऊ. धुळाजीनं जबाब दिला. मंग माय पुढं झाली.

"ही मुलगी तुमची का, आजी?"

"न्हाई."

"जरा मोठ्यानं बोला."

"माझी न्हाई. ह्यांची हाय." बोटानं धुळाजीकडं दाखवलं. आवाज खडखडीत होता. पण अंगठा लावताना तिनं टेबलाची कड दुसऱ्या हातानं धरली होती.

शेवटी मी. "भुजंग पुंजाराम, ही तुमची बहीण का?"

ज्या माणसानं उभ्या जन्मात कुणाला खालच्या आवाजात उत्तर दिलं नाही, तो मी टेबलावरची शाईची डबी बघत राह्यलो. माझे दोन्ही कान गरम झाले. मी काहीतरी पुटपुटलो. कडू दारापाशी फरशीवर बसली होती. ती म्हणाली, "मास्तर, मोठ्यानं बोला. वर्गात तर लई ओरडता." साहेब हसले, रामराव हसले. त्या हसण्यात मी 'नाही' म्हणून टाकलं आणि सही केली.

धुळाजी आणि बिरू तिथूनच कळपाकडं गेले. आम्ही घरी आलो तेव्हा दिवस मावळायचा होता. जीपमधून उतरल्यावर माय आमच्या पुढं चालत घरात गेली. कडू हातावर सरकत अंगण ओलांडून उंबऱ्यापाशी आली, तेवढ्यात आतून मायचा आवाज आला, "थांब तिथंच."

कडू थांबली. मला वाटलं, झालं, मायनं खरंच सोडलं हिला, आता घरात घेत नाही. मी काही बोलणार तवर माय बाहेर आली. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. तिनं तुकडा कडूच्या तोंडावरून तीनदा ओवाळला, मोडून दोन्ही बाजूंना टाकला आणि तांब्यातलं पाणी तिच्या त्या पायांवर ओतलं. म्हणाली, "दिलेली लेक माहेरी आली की अशीच आत घेत्यात. ये."

कडू त्याच घरात वाढलेली. पण माहेरी ती त्या दिवशी पहिल्यांदा आली. ती तिथंच उंबऱ्यावर बसून पोटभर रडली, आणि मायनं तिला रडू दिलं.

चार महिन्यांनी मंजुरीचा कागद आला. पैसे पोस्टातून यायचे. पोस्टमन गावात आणून द्यायला तयार होता, पण कडूनं त्याला सांगितलं, तुम्ही नका येऊ, मीच आष्टीला येत जाईन. महिन्यातून एकदा ती नवं लुगडं नेसून जीपमध्ये पुढं ड्रायव्हरजवळ बसून जायची. येताना दातवण, चहापत्ती, उषाला बांगड्या, मला पेन. आणि आली की उंबऱ्यापाशी थांबायची, माय भाकर आणि पाणी घेऊन यायची. मी एकदा म्हणालो, दर महिन्याला काय हे नाटक. माय म्हणाली, "तू मधी बोलू नको. तुझी बहीण न्हाई ती, तूच सांगून आलास साहेबाला." कडू एवढी हसली की तिला ठसका लागला. सात वर्षं हे चाललं.

नव्व्याण्णव साली थंडीत माय गेली. दिवस झाले, पाव्हणे गेले. पुढच्या महिन्यात कडू नेहमीसारखी आष्टीला गेली. ती आली तेव्हा मी ओसरीवर पेपर वाचत होतो. ती अंगणातून सरकत आली आणि उंबऱ्यापाशी थांबली. सवयीनंच थांबली असणार, कारण थांबल्यावर तिच्या ध्यानात आलं. तिनं मान खाली घातली आणि हातातली चप्पल उगाच नीट करायला लागली. चप्पल नीटच होती. मी उठायला पायजे होतं. पेपर हातात धरून तसाच बसून राह्यलो, मला उठताच येईना.

आत उषा भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला. मला वाटलं आता काहीतरी तोंड टाकणार. ती बाहेर आली, कोपरापर्यंत पीठ, एका हातात तांब्या आणि दुसऱ्या हातात तव्यावरची वाफ निघणारी भाकर, या बोटातून त्या बोटात करत.

"जरा दम धरा, आक्का," ती म्हणाली, "लई गरम हाय, तुकडा मोडू द्या."